एकवीस घरांचा पंचनामा

माझी नात समता पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे धामणखेडला आली होती, ते साल दोन हजार बावीस. बाळ पंधरा दिवसांचे होते आणि रडून घर डोक्यावर घेत होते, म्हणून मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो होतो. तेव्हा एक पांढरी जीप ग्रामपंचायतीपुढे येऊन थांबली.

जीपमधून योगिनी मॅडम उतरल्या. वय तिशीच्या आतले, खांद्याला जड पिशवी, हातात आवाज भरून घ्यायचे लहान यंत्र. शासनाने आजवर निर्वासितांसाठी, दुष्काळात, पुरात काय धोरण ठेवले आणि कशी मदत केली, त्याचा इतिहास लिहायला एक समिती बसली होती. प्रत्येक जिल्ह्याचे एक प्रकरण होणार होते. आमच्या जिल्ह्याचे लिहिण्याचे काम या मॅडमकडे आले होते. त्यांनी सरपंचाला विचारले, "पासष्ट साली पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांचा इथे कॅम्प होता. त्याची माहिती असलेलं कोणी हयात आहे का?"

सरपंचाने माझ्याकडे बोट दाखवले. "हे पुंजाजी बावा. चाळीस वर्सं कोतवाल होते. गावात कोन मेलं अन् कोन पयालं, सारं यायच्या डोक्शात हाय."

मी म्हणालो, "मले काऊन इचारता? सुरबालेले इचारा ना. कॅम्पातलीच हाय ते."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "कॅम्पातली बाई? इथे राहते?"

"मंग कुठी राहीन? ते काय, बोरीखाली जाळं इनून राह्यली."

सुरबाला निताई मंडल हे तिचे पूर्ण नाव. गाव तिला बंगालीन म्हणते. आमच्या भिंतीला लागून तिची एक खोली होती. पूर्णेवर मासे धरणारे भोई तिच्याकडून जाळी विणून नेत. दोन वर्षांचा फरक सोडला तर ती माझ्याच वयाची. मूलबाळ नव्हते. बोली आमच्यासारखीच झाली होती, फक्त राग आला की तिच्या तोंडून तिकडचे शब्द निघत आणि त्यांचा अर्थ विचारायची कोणाची छाती नव्हती.

मॅडम तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. पिशवीतून कागदांची थप्पी काढली आणि एक पान वर घेतले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"आजी, पण कागदाप्रमाणे इथे कोणीच राहिलं नव्हतं."

"मंग मी भूत हाय का व?" सुरबाला म्हणाली आणि हसली. दात नव्हते, तरी छान हसायची.

मी म्हटले, "दाखवा पाहू." अक्षरे मी पन्नाशीत शिकलो, साक्षरतेच्या वर्गात, कंदील मध्ये ठेवून. अजूनही बोट फिरवल्याशिवाय वाचता येत नाही. जुन्या कागदाची ती झेरॉक्स होती आणि अक्षर कारकुनी वळणाचे होते. मी बोट फिरवत गेलो.

"आज दिनांक १२ डिसेंबर १९६७ रोजी मौजे धामणखेड येथील निर्वासित कॅम्पाची पाहणी केली. एकवीस घरांपैकी एकाही घरी चूल पेटलेली आढळली नाही. सर्व कुटुंबे कॅम्प सोडून पळून गेली आहेत. सबब त्यांची नावे कमी करून जमीन सरकारजमा करावी."

त्याखाली पोलीस पाटलाची सही होती. त्याच्याखाली एक काळा डाग होता आणि डागाशेजारी लिहिले होते, 'पुंजाजी, कोतवाल, यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी.'

मी ते पान दोनदा वाचले. पंचावन्न वर्षांत हा कागद मी पहिल्यांदा वाचत होतो.

सुरबाला म्हणाली, "काय लिवलं हाय, दादा? मोठ्यानं वाच ना."

मी म्हटले, "जुनं हाय. काही नाई."

"वाच म्हणते ना मी."

मी वाचले. तिने हातातली सुई जाळ्यात अडकवली, जाळे गुंडाळले, मांडीवर ठेवले.

"अन् खाली कोनाचा अंगठा हाय?"

"माह्या."

ती उठली आणि खोलीत गेली. दार लावून घेतले. मॅडमनी यंत्र बंद केले.

त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझी बायको रुख्मिणी तिला रोज भाजी नेऊन देई, ती परत आणावी लागे. रुख्मिणी माझ्यावर चिडली. "काय केलं तुमी ते? एवढ्या वर्साची बाई आपल्या घरचं खायना झाली." नवव्या दिवशी सकाळी सुरबाला काठी टेकत ओट्यापाशी आली.

"पयाले ते वीस घरं," ती म्हणाली. "मी नाई पयाली. माह्या माणूस अठीच मेला, अठीच जळला. कागदावर मले पयपुटी करून ठेवलं तुनं. आता थो कागद पुस्तकात जाऊन राह्यला. मी मरायच्या आधी ते उलटं करून दे. माह्यं नाव लिवून घे त्या पुस्तकात, का सुरबाला पयाली नाई."

एवढेच तिचे मागणे होते. जमीन नको, घरकुल नको. पुस्तकात एक ओळ.

आता सदुसष्टचे सांगतो.

माझे लग्न झाले त्याच्या आदल्या वर्षी कॅम्प आला. सातपुड्याच्या पायथ्याला गावची ई-क्लासची पडीक जमीन होती, गुरे चारायची. तिथे सरकारने एकवीस पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या आणि रायपूरकडच्या मोठ्या कॅम्पातून एकवीस कुटुंबे ट्रकने आणून सोडली. नदीच्या दलदलीत भात पिकवणारे लोक ते. त्यांना मुरमाड जमिनीचे तुकडे दिले. विहीर खोदली तर दगड लागला. पंधरवड्याला धान्य मिळे. त्यासाठी सोमवारी हजेरी होई. इन्स्पेक्टर यादी वाची आणि प्रत्येक जण उभा राही, आजाऱ्याच्या नावाला त्याच्या घरचे कोणी हात वर करी. दुसऱ्या उन्हाळ्यात लोक निघून जाऊ लागले. रात्री एखादे कुटुंब पायी निघे आणि सकाळी नांदुऱ्याच्या स्टेशनवर कलकत्त्याकडच्या गाडीत बसे. सदुसष्टच्या दिवाळीपर्यंत वीस खोल्या रिकाम्या झाल्या. राहिले फक्त सुरबाला आणि तिचा नवरा निताई. निताईला हिवताप होता, तो चालू शकत नव्हता.

दहा डिसेंबरला तो वारला. आम्ही चार जणांनी नेला. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकर घालतात. तिचे शेजारी कोण? वीस खोल्या ओस. म्हणून रुख्मिणी आमच्या घरून भाकर नेऊ लागली. सुरबालेने मला एक गोष्ट सांगून ठेवली होती. "दादा, साहेब आला तं हे मेले म्हणून सांगू नको. दोघांचं धान्य मिळते. एकटीचं लावलं तं अर्धं होईल. हा पंधरवडा जाऊ दे."

बाराला इन्स्पेक्टर आला. सोबत कारकून. त्याला दुपारची गाडी पकडायची होती. कॅम्पावर न जाता तो पाटलाच्या ओसरीवर बसला आणि मला म्हणाला, "जा, चुली मोजून ये." घरे मोजायची आमची रीत हीच होती. दारे वाजवीत बसायचे नाही. बांधावर उभे राहायचे, किती ठिकाणी धूर आहे ते पाहायचे आणि तेवढे खडे टोपीत टाकायचे. मी बांधावर उभा राहिलो. धूर कुठेच नव्हता. सुरबाला सतराव्या खोलीच्या दारात बसलेली मला दिसत होती.

मी परत आलो. टोपी रिकामी होती.

"किती?"

"एकबी नाई जी."

तो म्हणाला, "संपलं तर." कारकुनाने लिहिले, पण वाचून दाखवले नाही. मला अंगठा मागितला, मी दिला. माझ्या बापाने मला कोतवालकी देताना सांगितले होते, साहेब विचारीन तेवढंच सांगजो. साहेबाने चुली विचारल्या होत्या. बाईचे सांगितले असते तर त्याने निताईचेही विचारले असते, आणि ते लपवायचे तिने सांगितले होते. मी मनात म्हटले, चुलीचे सांगितले, निताईचे झाकले गेले, काम झाले. पुढच्या सोमवारी धान्याची गाडी आलीच नाही. सुरबाला तालुक्याला चौकशीला गेली तेव्हा तिला सांगितले, यादीत नाव नाही. तिला वाटले, निताईचे मरण कळले असावे आणि विधवेचे नाव काढतात. मलाही तसेच वाटले. खोल्यांचे पत्रे काढून नेले तेव्हा आम्ही तिला आमच्या भिंतीशी आणले.

तर हे असे होते. आणि आता मला ते उलटे करायचे होते.

जिल्ह्याच्या प्रकरणावर शेवटचा हात हिंमतराव साहेब फिरवणार होते. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बुलढाण्यात समितीने त्यांना एक खोली आणि एक शिपाई दिला होता. मी एकटा गेलो. जळगाव जामोदहून नांदुरा, तिथे बस बदलायची, मग वडनेर भोलजीवरून मोताळा, मग घाट. पोचलो तेव्हा साहेब जेवायला गेले होते. ते चार वाजता आले.

साहेबांचे वागणे वाईट नव्हते. खुर्ची दिली, चहा सांगितला. धान्याची गोष्ट सोडून मी सगळे सांगितले, ते त्यांनी ऐकले. मग म्हणाले, "बाबा, इतिहास कागदावर चालतो. त्या दिवशीचा कागद आहे. तुमचं बोलणं आजचं आहे."

"पन त्या कागदावर अंगठा माह्या हाय साहेब. म्याच सांगून राह्यलो का थो चुकला."

"म्हणजे तुम्ही खोटा पंचनामा केला?"

"खोटा नाई. चुली खरंच नव्हत्या."

"मग चुकलं काय?"

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. "प्रतिज्ञापत्र आणा. आणि दोन साक्षीदार, त्या वेळचे."

प्रतिज्ञापत्र केले. साक्षीदार कुठून आणू? पोलीस पाटील एक्याऐंशीत वारला. निताईला खांदा देणारे माझ्याशिवाय तिघे, तिघेही गेले. रुख्मिणी होती. तिला घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तर शिपाई म्हणाला, "घरची बाई साक्षीदार चालत नाही." रुख्मिणी त्याला म्हणाली, "काऊन बे? भाकर मी नेत होती, का तुही माय नेत होती?" शिपाई हसला. काम झाले नाही.

समता बाळंतपणानंतर आमच्याकडेच राहिली होती, योगिनी मॅडम अधूनमधून तिच्या फोनवर बोलायच्या. त्यांनी फार शोधले. एकाहत्तरची मतदार यादी कुठून तरी मिळवली. तिच्यात माझ्या घर क्रमांकाखाली सुरबालेचे नाव होते. मला वाटले, जमले. मॅडमनी साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, "एकाहत्तरला होती, मान्य. पण सदुसष्टात गेली आणि सत्तरमध्ये परत आली, असं नसेल कशावरून?" मॅडमनी मला फोनवर हे सांगितले. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आजींनाच घेऊन या. साहेबांनी एकदा त्यांना पाहायला हवं."

समताच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. सुरबालेने नवे लुगडे नेसले होते. राजूर घाटात तिला उलट्या झाल्या. कंडक्टर ओरडला, "आजी, खिडकीतून व!" ती त्याला म्हणाली, "खिडकी उघडत असती तं तुह्या गाडीत बसली असती का मी?" मागची पोरे हसली. देऊळघाटला लग्नाला चाललेल्या एका बाईने तिला लिंबू दिले. बुलढाण्याच्या स्टँडवर मी तिचे तोंड धुवून दिले आणि आम्ही रिक्षाने गेलो.

साहेब समोर, योगिनी मॅडम बाजूला वही घेऊन. साहेबांनी विचारले, "कॅम्पात होता म्हणता. कार्ड आहे?"

"कार्ड पावसात गेलं."

"एखादा कागद, बिल्ला, काही?"

"काही नाई."

साहेबांनी फाइल मिटायला हात टाकला. तेव्हा ती उठून उभी राहिली. खुर्चीला धरून. आणि हजेरी म्हणू लागली. इन्स्पेक्टर सोमवारी जशी म्हणायचा तशी, त्याच सुरात, नाव आणि मध्ये थोडी उसंत.

"एक, अनुकूल बिश्वास. दोन, खगेन ढाली. तीन, बिनोद मिस्त्री. चार, शरत गाईन..."

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. कॅम्पाच्या जुन्या हजेरीचे पान काढले आणि त्यावर बोट ठेवले. ती म्हणत गेली, त्यांचे बोट खाली सरकत गेले. मॅडम उभ्या राहून त्यांच्या खांद्यावरून पाहत होत्या. "अकरा, हाराधन बैरागी. हा चैतात गेला, पोरगी मेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बारा, उपेन हालदार. याच्यासंगं गेला. तेरा..." सतराव्यावर ती थांबली. "सतरा, निताई मंडल," ती म्हणाली आणि उजवा हात वर केला, हजेरीत करायचे तसा. मग पुढची चार. एकवीस पूर्ण झाली. एकही नाव इकडचे तिकडे नव्हते.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. मी साहेबांकडे पाहत होतो. ते सावकाश म्हणाले, "कॅम्पात होत्या. हे सिद्ध झालं. मी स्वतः लिहितो. पण राहिल्या, हे यातून कुठे सिद्ध होतं?"

मी म्हणालो, "साहेब, ते तुमच्या म्होरं उभी हाय!"

"आज उभ्या आहेत. मला बारा डिसेंबरचं सांगा. तुमचा अंगठा म्हणतो कोणी नव्हतं. तुमचं तोंड म्हणतं, बाई होती. कोणता पुंजाजी खरा धरू, तेवीस वर्षांचा का ऐंशीचा?"

"तेवीसच्याले वाचता येत नव्हतं, साहेब."

"दिसत तर होतं ना?"

याला उत्तर होते, पण ते माझ्या मालकीचे नव्हते. सांगितले तर निताईचे मरण लपवायला तिने सांगितले होते हे बाहेर येणार होते. साहेबांनी पुन्हा विचारले, "बाई दारात दिसली होती म्हणता. मग बोलला का नाहीत?"

"चुकलं," मी म्हणालो.

"त्याचं काई नाई चुकलं," सुरबाला म्हणाली. "म्या सांगतलं होतं याले. हे मेले म्हणून सांगू नको, धान्य अर्धं होईल. म्हणून हा बोलला नाई. घरात सुतक, चूल कशी पेटन? याच्या घरचं खाऊन राह्यली होती मी. लिवा. जसं झालं तसं लिवा."

साहेब पुढे वाकले. पहिल्यांदाच त्यांना यात रस आलेला दिसला. "म्हणजे मृत्यू लपवला. कॅम्पात असं बरेच जण करत होते?"

"करतच होते. धान्य पुरे कुठी? मेलेल्याचं नाव दोन-दोन हजेऱ्या चाले."

"मॅडम, हे घ्या," साहेब म्हणाले. "हे महत्त्वाचं आहे. धोरणाच्या दृष्टीने."

मॅडमनी लिहून घेतले. सुरबाला समाधानाने खाली बसली. तिला वाटले, आता खरे सांगून झाले, आता लिहितील. मलाही तसेच वाटले. परतीच्या बसमध्ये ती मला म्हणाली, "तुले आठ दिवस बोलली नाई मी. माह्यंच सांगणं होतं अन् मीच इसरून गेली होती."

"इसरली नव्हती तू. मले शिक्षा देऊन राह्यली होती."

"थोडी," ती म्हणाली.

मग महिने गेले. मी दर पंधरा दिवसांनी समताला फोन लावायला सांगे. मॅडम म्हणत, "माझ्या प्रकरणात मी पूर्ण पान लिहिलंय बाबा. नावासकट. साहेबांकडे आहे." पुढच्या फोनला म्हणाल्या, "मुख्य समितीकडे गेलंय. पानं कमी करायला सांगितलीत." त्याच्या पुढच्या फोनला म्हणाल्या, माझी मुदत संपली, मी आता तिथे नाही. हिंमतराव साहेबांचा नंबर लागायचा, उचलायचे नाहीत. एकदा मी पुन्हा बुलढाण्याला गेलो, तर ती खोली दुसऱ्याच कामाला दिलेली होती. शिपाईही नवा. त्याने मला विचारले, "कोणता इतिहास?"

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत पुस्तक निघाले. ग्रामपंचायतीला एक प्रत आली. जाड, गुळगुळीत कागद, वर रंगीत चित्र. ग्रामसेवकाने मला बोलावून घेतले, तो चांगला माणूस आहे. आमच्या गावचा मजकूर एका पानाच्या अर्ध्यात होता. मी बोट फिरवत वाचले.

"धामणखेड येथील वसाहतीचा प्रयोग अयशस्वी ठरला. डिसेंबर १९६७ पर्यंत सर्व एकवीस कुटुंबे वसाहत सोडून पळून गेली." आणि खाली, बारीक अक्षरात, तळटीप. "धान्य मिळत राहावे यासाठी कुटुंबातील मृत्यू लपवण्याचे प्रकार सर्रास घडत, असे या वसाहतीतील एका महिलेने सांगितले. शासनाच्या मदतीच्या गैरवापराचे हे एक उदाहरण होय."

बाकी काही नाही. हजेरी नाही, मतदार यादी नाही. पुस्तकाच्या मागे आभार मानलेल्यांची दोन पाने होती. मी ती सगळी वाचली, कारण मला घरी जायचे नव्हते.

घरी आलो तर ती वाटच पाहत होती. तिला कोणीतरी सांगितले होते, पुस्तक आले.

"काय लिवलं?"

मी खोटे सांगायचे ठरवून आलो होतो. रस्त्याने ओळ जुळवली होती, 'सुरबाला निताई मंडल ही धामणखेडलाच राहिली.' पण एकदा तिच्यासाठी झाकून पाहिले होते. मी पुस्तकातले जसे होते तसे सांगितले. तळटीपही सांगितली.

तिने विचारले, "नाव टाकलं का माह्यं?"

"नाई."

"खरंच नाई?"

"एका महिलेनं, एवढंच हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "चोट्टी म्हणून नाव येन्यापरीस बरं झालं."

दोन वर्षे जिच्या नावासाठी मी घाट चढलो, ती नाव नाही म्हणून सुटल्यासारखी झाली. मला इतका राग आला की मी ओट्यावरची बादली लाथेने उडवली. रुख्मिणी बाहेर धावत आली. "काय झालं जी?" सुरबाला तिला म्हणाली, "काही नाई व दिदी. पुस्तक आलं."

त्यानंतर तिने जाळी विणणे सोडले. भोई यायचे, परत जायचे. मी समितीला तीन पत्रे लिहिली, माझ्या हाताने. एकाची पोच आली. दुरुस्तीचा विचार पुढच्या आवृत्तीच्या वेळी करता येईल, पुढची आवृत्ती काढण्याचे अजून ठरलेले नाही, असे त्यात होते. मी योगिनी मॅडमना ती पोच फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच लिहा. सगळं. नावानिशी."

मी म्हटले, "तिनं नाव नको म्हटलं."

"त्या पुस्तकात नको म्हटलं," मॅडम म्हणाल्या.

यावर मी काही दिवस विचार केला. तिला विचारायला गेलो, तेव्हा ती तापात होती आणि आपल्या भाषेत बोलत होती. मला काही कळले नाही. समताने औषध आणले. चौथ्या दिवशी ती शुद्धीवर आली, तेव्हा मी विचारले, "मी लिवू का? चुलीचं, धान्याचं, सारं? निताईचं?"

तिने विचारले, "पयाली नाई, हे लिवशीन?"

"पयलं तेच लिवतो."

"मंग बाकीचंबी लिव," ती म्हणाली. "अर्धं नको लिवजो."

म्हणून मी हे लिहिले. मी त्या दिवशी पाहिले होते आणि सांगितले नव्हते, तेही लिहिले. यात तारखा आहेत त्या खऱ्या आहेत, ज्या माझ्या आठवणीत नाहीत, त्या कागदावरून घेतल्या आहेत.

निताई मंडल हा धामणखेड येथील कॅम्पात, सतराव्या खोलीत, हिवतापाने दिनांक १० डिसेंबर १९६७ रोजी वारला. त्याची बायको सुरबाला निताई मंडल ही धामणखेड येथेच दिनांक ४ मार्च २०२४ रोजी, सोमवारी, दुपारी दोनच्या सुमारास वारली.